कललेल्या मनोऱ्याची किल्ली

किस्से जमवावे लागत नाहीत. फ्रीजच्या दारात केचपच्या पुड्या साठतात ना, तसे ते साठतात. कोणी ठेवल्या आठवत नाही, टाकवतही नाहीत, आणि कधीतरी दार उघडलं की अंगावर पडतात. आमच्या ऑफिसात कॉफी मशीनपाशी तिघं जमले आणि कोणी नुसतं "त्या दिवशी मनोऱ्यात..." म्हणालं, की पंधरा मिनिटं गेलीच समजा. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण जरा उशिरा. कारण ते घडत होतं तेव्हा माझी नोकरी टांगणीला लागलेली होती.

आधी मंडळी सांगते. आमचं ऑफिस जर्मनीत रेगेन्सबर्गला आहे. सात माणसं. जुन्या इमारती मोजणं हे आमचं काम. कुठलं चर्च खचतंय, कुठला पूल वाकलाय, कुठल्या भिंतीची भेग वाढतेय, ते बघायचं. बॉस म्हणजे फ्राऊ हुबर, म्हणजे हुबरबाई, साठीच्या, चष्मा कायम केसांत खोचलेला. श्रीरंगदादा नाशिकचा, चौदा वर्षं जर्मनीत, प्रत्येक वाक्याला 'गेनाऊ'चा, म्हणजे 'अगदी बरोबर'चा, शिक्का मारणारा. आणि मी केतकी जगताप, कराडची, सिव्हिल इंजिनिअर. तेव्हा नवीन होते. नवीन म्हणजे प्रोबेत्साइटमध्ये. पहिले सहा महिने परीक्षेचे. पसंत नाही पडलात तर दोन आठवड्यांची नोटीस आणि नमस्कार. नोकरी गेली तर ब्लू कार्डाचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, काय होतं, हा विचार मी दात घासतानासुद्धा करत असे.

त्यातून मला दिलं ते सीमेपलीकडचं काम. चेक देशातलं एक जुनं गाव, आमच्याकडून ट्रेनने दोनेक तासांवर. त्याच्या नावात असा एक 'र' आहे, जो म्हणताना जिभेने एकाच वेळी र, झ आणि क्षमा मागायची असते. म्हणून आम्ही त्याला नुसतं 'गाव' म्हणतो. गावच्या चर्चचा मनोरा कललेला आहे. तो पूर्वीपासूनच कललेला आहे, पण अजून कलतोय का, हे सहा महिने मोजून सांगायचं होतं. गाव खूश झालं तर पुढे कायमचं काम मिळणार होतं.

फ्राऊ हुबरनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे काम टिकलं, तर तुमची जागा टिकेल. आधीच सांगितलेलं बरं." एवढं खरं बोलायची काही गरज नव्हती, असं मला अजून वाटतं.

*

गावचा चौक बघण्यासारखा आहे. लांबच लांब, आणि दोन्ही बाजूंना कमानींच्या ओळी. कमानींखालून पावसात न भिजता सगळा बाजार होतो. वर घरं एकमेकांना खेटून उभी, कोणी पिवळं, कोणी गुलाबी. आतलं घर फार जुनं, पण पुढचा चेहरा नंतरच्या कोण्या हौशी मालकाने त्याच्या काळच्या फॅशनप्रमाणे बदललेला.

पहिल्या आठवड्यात मला अशाच एका घराची नोंद करायला सांगितली. मी मन लावून लिहिलं, "दर्शनी भिंत घडीव दगडाची. पाकिटाच्या आकाराचे, मध्ये टोक आलेले ठोकळे. झीज अजिबात नाही." फोटो जोडले. रिपोर्ट पाठवला. मी स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी फ्राऊ हुबर मला त्या भिंतीपुढे घेऊन गेल्या. म्हणाल्या, "हात लावा."

मी हात लावला. भिंत सपाट. परातीइतकी सपाट. दगड नव्हतेच. चुन्याच्या गिलाव्याचे दोन थर, खालचा काळपट, वरचा पांढरा. वरचा ओला असताना खरवडायचा, की खालचा दिसतो. त्यातूनच दगड काढलेले आणि त्यांच्या सावल्याही.

"फ्राऊ जगताप," त्या म्हणाल्या, "सूर्य फिरतो. या दगडांची सावली सकाळपासून तिथेच आहे."

पुढचा आठवडाभर मी गावातल्या प्रत्येक दगडाला हात लावून बघत होते. खऱ्या दगडांनासुद्धा. शेवटी कमानीखालच्या बेकरीवाल्या बाईंनी मला खुर्ची आणून दिली. त्यांना वाटलं, मला चक्कर येतेय.

*

चेक भाषेत श्रीयुत म्हणजे 'पान'. पान अमुक, पान तमुक. श्रीरंगदादाने मला ट्रेनमध्येच समजावून ठेवलं होतं, "इथले सगळे पुरुष पान. चुना तेवढा आपण लावायचा नाही. गेनाऊ."

आमचे पान म्हणजे पान मारेक. मनोऱ्याचे राखणदार. पंचाहत्तरीच्या पुढचे, उंच, गुडघे गेलेले. मनोऱ्याच्या दाराची किल्ली एकच, लोखंडी, वीतभर, आणि ती त्यांच्याकडे. नगरपालिकेत सुद्धा दुसरी नाही. ती किल्ली त्यांनी आजवर कोणाच्या हातात दिलेली नाही, असं सगळा गाव सांगायचा. आम्ही रीडिंग घ्यायला गेलो की ते स्वतः दार उघडायचे, आमच्याबरोबर सगळ्या पायऱ्या चढायचे, वर स्टुलावर बसायचे आणि आमच्याकडे बघत राहायचे.

दर पायरीला त्यांचा गुडघा कट्ट वाजायचा. मी मागून चढायचे आणि मला एकच भीती, हे माझ्या अंगावर पडले तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं.

एकदा मी धीर करून फोनमधल्या अ‍ॅपवर चेकमध्ये लिहून दाखवलं, "किल्ली आम्हाला दिलीत तर तुम्हाला चढायला लागणार नाही." त्यांनी ते वाचलं, फोन परत दिला, आणि किल्ली स्वेटरच्या उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात ठेवली. मी उजवीकडे उभी होते.

*

तिसऱ्या महिन्यातल्या एका फेरीत आमच्याबरोबर ओळंबा होता. म्हणजे मोजायला लेझरचं यंत्र असतंच, पण फ्राऊ हुबरचा जीव ओळंब्यावर. पितळी, जड, खाली टोक. तो माझ्या सॅकमध्ये. सीमेवर ट्रेन थांबली आणि पोलीस चढले. आजकाल चढतात.

माझा पासपोर्ट, कार्ड, नोकरीचं पत्र, सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मी आधीच मांडीवर धरून बसले होते. शेजारी श्रीरंगदादा घोरत होता. पोलिसाने कार्ड बघितलं, मग म्हणाला, सॅक उघडा. डब्याखालून ते पितळी टोकदार प्रकरण निघालं.

"हे काय आहे?"

मला जर्मन शब्द आठवेना. लहानसा शब्द आहे, लोट. तीन महिने रोज ऐकत होते. त्या क्षणी डोक्यात फक्त कराडचे गवंडी. मी म्हणाले, "ओळंबा."

"काय?"

"मनोरा सरळ आहे का, ते याने कळतं," मी कशीबशी जर्मनमध्ये सांगितलं.

त्याने ओळंबा दोरीने धरून उंच केला. ट्रेन उभी होती, ओळंबाही स्थिर झाला. "मग, आहे का सरळ?"

"नाही."

"म्हणजे चालतोय हा," असं म्हणून त्याने ओळंबा माझ्या हातात दिला आणि पुढच्या डब्यात गेला. श्रीरंगदादाला घरी पोचेपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं.

*

मनोऱ्याचीच गोष्ट. एप्रिलमध्ये एके दिवशी सकाळी आठला रीडिंग घेतलं, दुपारी तीनला परत घेतलं, आणि मनोरा हललेला. थोडासाच, पण एका दिवसात हलणं म्हणजे काय? मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच. खाली चौकात लोक आइस्क्रीम खात होते, मुलं कारंज्यात हात घालत होती. मला वाटलं, यांना आता ओरडून बाजूला करावं का?

मी फ्राऊ हुबरना फोन लावला. म्हटलं, "मनोरा सरकलाय. सकाळपासून. चौक रिकामा करायचा का?"

त्यांनी विचारलं, "ऊन पडलंय का तिकडे?"

"हो. कडक."

"कुठल्या बाजूला?"

"दक्षिणेला."

"आणि मनोरा उत्तरेला गेलाय?"

"हो."

"हे बघा, फ्राऊ जगताप. ज्या बाजूला ऊन लागतं ती बाजू फुगते. मनोरा जरा पलीकडे झुकतो. संध्याकाळी परत येतो. कामाला जातो आणि घरी येतो. तुम्हीही या."

मी संध्याकाळी सातपर्यंत थांबून मोजलं. आला होता.

*

एकदा श्रीरंगदादाने मुलीला आणलं, कारण शाळेला सुट्टी आणि बायकोला ड्यूटी. ईरा सात वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. श्रीरंगदादा तिला कमानी दाखवतोय, गावाची वेस दाखवतोय, "बघ बाळा, या दरवाजाला पूर्वी संध्याकाळी कुलूप लागायचं." ती म्हणते, "वारूम?" म्हणजे का. तो सांगतो. ती परत "वारूम?"

मनोऱ्यापाशी पान मारेक किल्ली घेऊन उभेच होते. ईराने मान वर करून मनोरा पाहिला, मग वाकडी करून पाहिला, आणि खणखणीत आवाजात विचारलं, "पापा, इस्ट देअर कापुट?"

आता पान मारेकना जर्मन येत नाही. पण 'कापुट', म्हणजे मोडलेलं, हा शब्द कळत नाही असा माणूस त्या भागात सापडायचा नाही.

त्यांनी ईराकडे बघितलं. मग श्रीरंगदादाकडे. मग किल्ली खिशात टाकली आणि गुडघे वाजवत सरळ घरी निघून गेले. त्या दिवसाचं रीडिंग झालं नाही. तक्त्यात अजून तो रकाना रिकामा आहे आणि शेरा श्रीरंगदादाने लिहिलाय, "हवामान प्रतिकूल."

*

आता आईचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही, दुसरेच माझ्याकडून वदवून घेतात.

प्रोबेत्साइटचा शेवटचा आठवडा येऊन ठेपला होता. सोमवारी गावची समिती मनोऱ्यापाशी जमणार, फ्राऊ हुबर आमचा अहवाल मांडणार, आणि मग पुढचं काम द्यायचं की नाही ते ठरणार. अट एकच अडत होती. पुढे दर महिन्याला रीडिंग घ्यायचं तर किल्ली आमच्या ऑफिसकडे हवी, कारण पान मारेकना आता चढवत नव्हतं. आणि समितीचं म्हणणं, मारेक हो म्हणाले तरच. गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. म्हणजे माझी नोकरी, माझं कार्ड, सगळं त्या वीतभर लोखंडावर आलं होतं.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आली होती. शनिवारी शेवटचं रीडिंग घ्यायला श्रीरंगदादा आणि मी निघालो, तर ती म्हणाली, "मी एकटी घरी काय करू? मलाही दाखव की तुझा मनोरा." नेलं. थालीपिठाचा डबा घेऊन आली.

त्या दिवशी पान मारेकचा गुडघा फारच धरला होता. त्यांनी दार उघडलं, किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली, आणि पहिल्यांदाच आम्हाला एकटं वर जाऊ दिलं. ते खाली बाकावर बसले. शेजारी आई. आई जगात कुठेही मराठीच बोलते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींशीही.

वरून उतरलो तेव्हा मारेक नव्हते, चर्चमध्ये कोणी पाहुणे आले म्हणून आत गेले होते. मनोऱ्याचं दार ओढलं की आपोआप लागतं. ते ओढून घेतलं आणि ट्रेन गाठायला पळालो.

सीमा ओलांडली. आईने पिशवीतून सुईदोरा काढला. मग एक करडा स्वेटर काढला.

मी म्हटलं, "हा कोणाचा?"

"त्या दादांचा. उन्हात काढून ठेवला होता. खिसा पार उसवलाय गं. मी म्हटलं, शिवून आणू? तर म्हणाले, आणू, आणू."

चेकमध्ये 'हो' म्हणजे 'आनो'. दोनच शब्द मला पहिल्या दिवसापासून येत होते, आणि आईला सांगायचे राहिले होते.

"आणि तू घेतलास?"

"लगेच नाही घेतला. जरा घडी घालायला लागले, तर हात हलवून म्हणाले, ने, ने. दोनदा म्हणाले. एकदम अरेतुरेवर आले, पण मला बरं वाटलं. भावासारखं म्हणाले, ने."

चेकमध्ये 'नाही' म्हणजे 'ने'.

श्रीरंगदादाने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी स्वेटर ओढून घेतला. आई म्हणाली, "जपून. चांगली जाड लोकर आहे, केवढा जड लागतोय." मी खिशात हात घातला.

तेवढ्यात फ्राऊ हुबरचा फोन. "मनोऱ्याची किल्ली नाहीशी झालीय. सोमवारी समिती येतेय. तुम्हाला काही माहीत आहे का?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं, ते कबूल करते. पण म्हणाले, "माझ्या हातात आहे. माझ्या आईने ती स्वेटरसकट आणली."

त्या म्हणाल्या, "परत घेऊन जा. आत्ता."

पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी ट्रेन पकडली. वाटेत आई एकदाच बोलली, "माझ्यामुळे तुझी नोकरी जाते की काय गं?" मी "छे" म्हटलं, पण ते नीट म्हणता आलं नाही. तिने डोळे पुसले आणि खिसा शिवायला घेतला. पोचेपर्यंत तिने खिसा पक्का केला आणि एका कोपराला रफूही केलं.

पान मारेक मनोऱ्याच्या दारात उभे होते, नुसत्या शर्टावर. संध्याकाळचा गारठा पडला होता. आईने स्वेटर आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. "अहो, तुम्हीच म्हणालात ना, ने म्हणून?"

मी फोनवर लिहून दाखवलं, "आमच्या भाषेत 'ने' म्हणजे 'घेऊन जा'. आणि 'आणू?' म्हणजे 'परत घेऊन येऊ का?'" त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. आईकडे बघितलं. मग स्वेटर अंगात घातला, खिशात हात घालून आतली शिवण बोटाने चाचपली, किल्ली त्यात टाकली, आणि घरी गेले. रागावलेत की नाही, काहीच कळलं नाही. रविवारी मी दोन वेळा जेवायला बसले आणि दोन्ही वेळा उठले.

सोमवारी सगळे जमले. समितीचे तिघं, त्यांच्या दुभाषी बाई, फ्राऊ हुबर, श्रीरंगदादा आणि मी. आई घरी होती, बहुतेक देवापुढे. फ्राऊ हुबरनी अहवाल मांडला. मनोरा कललेला आहे, पण कल वाढत नाहीये, तरी लक्ष ठेवायला हवं. समितीने माना डोलावल्या. मग त्यांच्यातल्या एकाने मारेकना विचारलं आणि दुभाषी बाईंनी ते आमच्यासाठी जर्मनमध्ये सांगितलं, "या बाईंच्या हाती तुम्ही मनोऱ्याची किल्ली द्याल का?"

पान मारेक उठले. गुडघा वाजला. माझ्यापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं स्वतःच्या हाताने मिटली आणि म्हणाले, "ने."

दुभाषी बाई फ्राऊ हुबरकडे वळल्या. "ते नाही म्हणतायत."

समितीच्या माणसांनी कागद आवरायला घेतले. फ्राऊ हुबरनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे बघितलं.

मला रडू येत होतं. मी मराठीतच विचारलं, "रीडिंग झालं की परत आणू?"

"आनो," पान मारेक म्हणाले.

"आता हो म्हणतायत," दुभाषी बाई म्हणाल्या. "मला कळत नाहीये. त्यांचं नक्की हो आहे की नाही?"

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.